वळचणीचे पाणी

जुलै महिन्यातील एका रात्री, पुनर्वसूचा तरणा पाऊस ऐन भरात असताना आणि घरातील सगळे निजलेले असताना, माझ्या सासूबाईंनी मला हाक मारली. आम्ही सगळेच त्यांना आई म्हणतो. त्या अंथरुणावर उठून बसल्या होत्या आणि मान किंचित कलती करून काहीतरी ऐकत होत्या. "गो, मागची पन्हळ तुंबली. पाणी खाली पडत नाही," त्या म्हणाल्या. आईंची दृष्टी आता बरीच अधू झाली आहे. त्यांची खोली घराच्या पुढच्या बाजूला, सोप्याला लागून आहे आणि मागची पन्हळ तिथून तीन खोल्या पलीकडे. मला तर कौलांवरच्या एकसुरी गजराखेरीज दुसरे काहीही ऐकू येत नव्हते. ह्यांना उठवले, बॅटरी घेऊन आम्ही दोघे मागच्या दारी गेलो आणि पाहतो तो पन्हळ काठोकाठ भरून तिच्या दोन्ही कडांवरून पाणी ओसंडत होते. बाहेरच्या कडेवरून पडणारे पाणी अंगणात जात होते, त्याची चिंता नव्हती. आतल्या कडेवरून येणारे पाणी मात्र भिंत धरून खाली उतरले होते आणि कोठीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवरून ठिबकत होते. त्या खोलीत आमचे पावसाळ्याचे पुरुमेंत होते, सोलांच्या बरण्या, मिठाचे मडके, उकड्या तांदळाचे डबे, उन्हात कडकडीत वाळवलेल्या मिरच्या. ह्यांनी शिडी लावली, मी ती धरली आणि बांबूच्या टोकाने त्यांनी पाइपच्या तोंडावर चिकटलेले फणसाचे पान बाजूला केले. एकच पान, त्याच्यावर साचलेला थोडा गाळ आणि शेवाळाचा लगदा. ते सरकताच पाइपच्या पोटात मोठा गडगडाट झाला, पन्हळीतील पाण्याची पातळी डोळ्यांदेखत खाली गेली आणि आतून आईंचा आवाज आला, "झाले."

पाणी पडत असल्याचा आवाज कोणालाही येतो, पण एवढ्या कोसळत्या पावसात एका कोपऱ्यातील पाणी पडायचे थांबले हे त्यांना कसे कळले, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मडगावातील ज्या फ्लॅटमध्ये मी लहानाची मोठी झाले, तिथे पाऊस खिडकीच्या काचेपर्यंतच यायचा. गच्चीवर पडलेले पाणी कुठून खाली उतरते, उतरून कुठे जाते, हे आमच्यापैकी कोणीही कधी विचारल्याचे मला आठवत नाही. लग्न होऊन फोंडा तालुक्यातील ह्या वाड्यावर आले तेव्हा पहिल्या पावसाळ्यात मला रात्रीची झोप लागत नसे. घर जुने, चौसोपी, मधोमध राजांगण आणि त्यात तुळशीवृंदावन. आतल्या चारही पाख्यांचे पाणी त्या राजांगणात पडते आणि एका कोपऱ्यातील दगडी तोंडातून, घराच्या जोत्याखालून बांधून काढलेल्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, गटारातून बाहेर जाते. म्हणजे पावसाळ्यात चार महिने आमच्या घराच्या पोटातून एक लहानसा व्हाळ वाहत असतो. आईंनी पहिल्याच आठवड्यात मला ते तोंड दाखवले आणि सांगितले की मृग लागल्यापासून सकाळी उठल्यावर आधी इथे बघायचे, पान असेल तर काढायचे आणि मग चुलीकडे जायचे. त्या वेळी मला ही त्यांची शिस्त थोडी जाचक वाटली होती. पुढे कळले की ह्या घरात नव्याने येणाऱ्या प्रत्येक सुनेला हे तोंड असेच दाखवले गेले आहे आणि आईंना ते त्यांच्या सासूने दाखवले होते.

हळूहळू मलाही पावसाचे आवाज वेगळे करता येऊ लागले. कौलांवरचा पाऊस खर्जातला असतो. न्हाणीघराच्या पत्र्यावरचा कर्कश, मागच्या केळींवरचा फडफडता. राजांगणातील पागोळ्या फरशीवर पडतात तेव्हा त्यांचा नाद स्वच्छ असतो आणि फरशीवर पाणी चढू लागले की तो बोथट होतो. पन्हळीच्या पाइपमधून तळच्या दगडावर आपटणाऱ्या पाण्याला एक घुमारा असतो. दिवसा, पाऊस बेताचा असताना, हे सगळे मला ओळखता येते. रात्री, वीज गेलेली असताना, दोन इंचांची झोड चालू असताना, त्यातील एक स्वर गळाला हे ओळखणे माझ्या कुवतीबाहेरचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंना विचारलेच. त्या सोले निवडत बसल्या होत्या, ओलसर झालेली वेगळी काढत होत्या. "ऐकायचे काय त्यात?" त्या म्हणाल्या, "रोज असते ते नसले की जाग येते."

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत आणि त्यातही सर्वाधिक जुलैमध्ये. आपल्याकडची वर्तमानपत्रे तो अजूनही इंचांत सांगतात, शंभर इंच ओलांडले की ती पहिल्या पानावरची बातमी होते आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाळपई, सांगे भागांतील आकडे वाचून किनाऱ्याजवळची माणसे थक्क होतात. 2024 सालच्या पावसाळ्यात तर राज्याची सरासरी 160 इंचांच्याही पुढे गेली. हे आकडे आपण चहाबरोबर वाचतो आणि विसरतो. ते एकदा आपल्या छपरावर आणून पाहावेत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. आमचे मागचे पाखे साधारण 40 चौरस मीटरचे आहे. त्याच्यावर एक इंच पाऊस पडला की हजार लिटरहून थोडे अधिक पाणी होते, म्हणजे 200 लिटरची पाच पिंपे, आणि तरण्या पावसाची एक जोरकस सर एवढा इंच तासाभराच्या आत सहज देऊन जाते. हे सगळे पाणी उताराने एकाच कडेला येते आणि तिथून खाली उतरण्यासाठी त्याला चार इंच व्यासाचे एक तोंड मिळते. 3000 मिलिमीटरच्या पावसाळ्यात त्या एका तोंडातून 1 लाख 20 हजार लिटर पाणी उतरावे लागते. हा हिशेब मी वहीवर मांडला तेव्हा फणसाच्या त्या पानाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

मुळात ह्या घराला पन्हळ नव्हती. आईंच्या सासऱ्यांच्या काळात छपरावर हाताने घडवलेले अर्धगोल नळे होते, त्यानंतर मंगळुरी कौले आली. बासेल मिशन ह्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी ती सपाट, लाल कौले पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ती हलकी, एकसारखी आणि परतायला सोपी. पण नळे असोत की कौले, जुन्या घराची वळचण भिंतीपासून चांगली दोन-अडीच फूट पुढे आलेली असे. पागोळ्या भिंतीपासून दूर, अंगणात एका सरळ रेषेत पडत आणि त्या रेषेवर खाली चिऱ्याचे तुकडे किंवा खडी पसरलेली असे, म्हणजे मातीचा चिखल उडून जोते रंगणार नाही. जिथे दार असेल तिथे डोक्यावर पागोळ्या पडू नयेत म्हणून पोफळीचे खोड उभे चिरून, आतून कोरून, काथ्याने वाशांच्या टोकांना बांधत. तेवढीच काय ती पन्हळ. दोन-तीन पावसाळ्यांत ती कुजत असे आणि परसात पोफळी असल्यामुळे दुसरी बांधली जात असे. वाऱ्याची झड ज्या बाजूने येते त्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे, ते दसऱ्याच्या सुमारास उतरवायचे. ह्या सगळ्या व्यवस्थेत पाणी अडवण्याचा किंवा कोंडण्याचा प्रयत्न कुठेच नव्हता. त्याला फक्त भिंतीपासून दूर ठेवलेले होते.

भिंतीपासून दूर ठेवणे एवढे महत्त्वाचे का, हे चिऱ्याच्या घरात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण, पण पाणी पिण्याची त्याची सवय कायम राहते. चुन्याचा गिलावा शाबूत असेल तोवर भिंत भिजते आणि वाळते. गिलावा गेला की चिऱ्यातील मऊ भाग धुऊन जाऊ लागतो आणि भिंतीला खळगे पडतात. जुन्या गोव्यातील, 1605 साली पूर्ण झालेल्या बॉम जीझस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला. आज पर्यटकांना तिची तीच उघडी लाल भिंत प्राचीन आणि सुंदर वाटते. मला मात्र प्रत्येक पावसाळ्यात तिथून जाताना त्या भिंतीविषयी काळजी वाटते, कारण आमच्या कोठीच्या खोलीची भिंत मी जवळून पाहिलेली आहे. पन्हळ एका रात्रीत तुंबते आणि एका रात्रीत मोकळी होते, परंतु त्या रात्री भिंतीने प्यालेले पाणी ऑक्टोबरपर्यंत बाहेर येत राहते. आधी गिलाव्यावर काळपट डाग, मग रंगाचे पापुद्रे, मग पांढरा लोणा आणि खोलीभर तो ओला, थंड, मातकट वास, जो तांदळाला लागतो, अंथरुणाला लागतो आणि वाळवलेल्या कपड्यांच्या घडीत जाऊन बसतो.

आमच्या अडचणीचे मूळ कौले आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वाढवले गेले आणि त्यावर स्लॅब आली. ती गरजेची होती, त्या दोन खोल्यांमुळे घरातील बायकांचे कष्ट निम्म्याने कमी झाले आणि त्याविषयी आईसुद्धा कधी तक्रार करत नाहीत. पण स्लॅबमुळे मागच्या पाख्याची वळचण कापावी लागली. पूर्वी जे पाणी अंगणभर पागोळ्यांनी विखरून पडत असे ते आता भिंत आणि स्लॅब यांच्या बेचक्यात बसवलेल्या एका पन्हळीत गोळा होऊ लागले. ती पन्हळ पत्र्याची होती. पत्रा कुजक्या पानांखाली सतत ओला राहिला की जस्ताचा मुलामा जातो आणि मग गंज धरतो. ती गेल्यावर पीव्हीसीची आली. ती गंजत नाही, पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात फुगते, रात्री आखडते आणि सांधे सैल होतात. आमचे मेस्त, म्हणजे छपराचे काम करणारे कारागीर, सांगत असत की पन्हळ कशाची आहे यापेक्षा तिचा उतार कसा आहे ते बघा, दहा फुटांमागे निदान अर्धा इंच तरी हवा आणि धरून ठेवणाऱ्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर हव्यात, नाहीतर पाण्याच्या वजनाने ती मधे खचते आणि त्या खोलगटात गाळ बसतो. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे, परंतु तुंबलेल्या पन्हळीचे पाणी एखाद-दुसरे कौल वर निश्चित चढते. ते कौलांच्या खालून रिपेला लागते, वाशाच्या टोकाला लागते आणि चार पावसाळ्यांनंतर एक दिवस वासा हाताने कुस्करता येतो.

त्याखेरीज खोलगटात राहिलेल्या त्या बोटभर पाण्याची वेगळी काळजी असते. ऑगस्टमध्ये उघडीप पडली की डेंग्यूच्या तपासणीसाठी आरोग्य खात्याची माणसे घरोघर येतात, करवंट्या, टायर, कुंड्यांखालच्या बशा पाहतात. छपराच्या कडेपर्यंत त्यांची नजर पोहोचतेच असे नाही. एडिस डासाची अंडी कोरड्या जागेतही काही महिने तग धरतात आणि पाणी मिळताच उबतात, त्यामुळे पन्हळ पावसाळ्यानंतरही एकदा खरवडून काढावी लागते. हे काम कोणाच्याच यादीत नसते, कारण पाऊस गेला की छप्पर सगळ्यांच्याच मनातून जाते.

मेस्तांविषयी थोडे लिहिले पाहिजे. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस ते येत, सोबत एक जोडीदार, आणि दोन दिवसांत सगळे छप्पर शाकारून जात. अनवाणी पायांनी, कौलांच्या खालच्या रिपेचा अंदाज घेत, जिथे वासा आहे तिथेच पाऊल टाकत ते वर चालत. त्यांच्या पायाखाली कौल फुटल्याचे मला आठवत नाही. माकडांनी आणि मोरांनी सरकवलेली कौले ते जागेवर बसवत, तडे गेलेली बदलत, पन्हळीतील सुकलेला आंब्याचा मोहोर, पाने, कावळ्यांनी आणून टाकलेली हाडे आणि काड्या हाताने उपसून टोपलीत भरत. शेवटी एक कळशी पाणी आढ्यावरून ओतून ते कुठून कसे उतरते हे खालून पाहत. त्या काळजीला आम्ही मजुरी देत होतो, पण त्या मजुरीत तिचे मोल कधीच बसत नव्हते. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत. एक मुलगा तारवावर, म्हणजे जहाजावर, आहे, दुसरा वेर्णा येथील कारखान्यात, आणि दोघांनीही छपरावर चढू नये असेच मेस्तांना वाटत होते. ते मला समजते. आयुष्यभर पंधरा फूट उंचीवर तोल सांभाळलेल्या माणसाला आपल्या मुलाचे पाय जमिनीवर हवे असतात.

2025 साली मान्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात येऊन पोहोचला, एरवीपेक्षा सुमारे दहा दिवस आधी, आणि त्याच्याही आधीपासून पाऊस झोडपतच होता. वाड्यावरील कित्येक घरांचे शाकारणे अर्धवट राहिले. कोणाच्या सुक्या मासळीला बुरशी आली, कोणाची आमसुले अंगणातून उचलायलाही वेळ मिळाला नाही. नवीन माणसे, जी आता चार गावांची कामे घेतात, ती जूनच्या पहिल्या आठवड्याची वेळ देऊन बसली होती. जूनमध्ये ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर कोणीही चढत नाही आणि चढूही नये. सांजांवच्या, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाच्या, दिवशी शेजारच्या गावातील मुले डोक्यावर फुलापानांची कोपेले घालून विहिरींत उड्या घेत होती, विहिरी तेव्हाच तुडुंब भरल्या होत्या, आणि माझे लक्ष मात्र मागच्या पाख्याकडे होते. त्या वर्षीच्या पन्हळी बहुतेक घरांत वर्षभराचा पाचोळा पोटात घेऊनच पावसाला सामोऱ्या गेल्या.

फणसाचे ते झाड मागच्या कुंपणाला लागून आहे आणि त्याच्या दोन फांद्या पाख्यावर आलेल्या आहेत. कोठीच्या खोलीत पाणी शिरल्यापासून झाड काढण्याचा विषय घरात वारंवार निघू लागला. गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते, ती रीतसर मागता येते. पण माझे मन त्याला तयार होत नाही. ज्या झाडाची सांदणे ह्या घरातील मुलांनी खाल्ली, ज्याच्या पानांत श्रावणात पातोळ्यांच्या शेजारी इतर पदार्थ वाफवले गेले, त्याला एका पन्हळीसाठी पाडायचे हे मला पटत नाही. त्याच वेळी रात्री दोन वाजता ओल्या शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला खालून धरून राहणे काय असते हेही मला ठाऊक झाले आहे, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. फांद्या छाटायच्या आणि झाड ठेवायचे, असे तूर्त ठरले आहे. पन्हळीवर जाळी बसवावी असे एका दुकानदाराने सुचवले होते. मोठ्या पानांना ती अडवते खरी, पण आंब्याचा मोहोर आणि बारीक कचरा तिच्या डोळ्यांत अडकून बसतो आणि मग पाणी जाळीवरूनच उडी मारून बाहेर पडते. साफ करण्याचे काम जाळीने टळत नाही, फक्त ते दिसेनासे होते, असे माझे मत झाले आहे.

ज्याला विचारले तो एकच उपाय सांगत होता, कौलांवरून लोखंडी सांगाडा उभारून रंगीत पत्रे घालून टाका. वाड्यावर आता कितीतरी घरांवर असे पत्रे आहेत, काहींच्या खाली जुनी कौले तशीच झाकलेली आहेत आणि ती माणसे सुखी आहेत. वर्षानुवर्षे गळणाऱ्या छपराखाली बादल्या सरकवत रात्र काढलेल्या माणसाने पत्रे घातले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मागच्या स्लॅबवर आम्हीही पत्रे घातले आहेत. पण सगळ्या घरावर पत्रे घालण्याची गोष्ट निघाली तेव्हा आई गप्प बसून ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, "मग मला पाऊसच ऐकू येईल, घर ऐकू येणार नाही." दिसेनासे झाल्यापासून आई ह्या घरात कानांनी वावरतात. दूध उतू येण्याआधीचा आवाज, फाटकाची कडी, राजांगणात उतरलेला कावळा, नातवाची चप्पल हे सगळे त्यांना बसल्या जागी कळते. पत्र्यावर पुष्याचा म्हातारा पाऊस दहा-पंधरा दिवस बडवत राहिला तर त्या तेवढे दिवस अंधारात बसतील. घराचा विचार करताना भिंती आणि वासे आमच्या डोळ्यांसमोर होते. छताखाली बसलेल्या माणसाचे कान त्या विचारात कुठेच नव्हते. कौले राहिली.

पन्हळ मात्र बदलली. आषाढी एकादशीनंतर, माशेलच्या देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला खेळून झाला त्यानंतरच्या आठवड्यात दोन दिवस उघडीप मिळाली आणि तेवढ्यात मेस्तांचा कारखान्यातला मुलगा सुट्टी काढून आला. मेस्त स्वतः खाली खुर्चीवर बसून त्याला सांगत होते. चार इंचांच्या जागी सहा इंचांची पन्हळ, दोन्ही टोकांना एकेक पाइप आणि मधल्या भागात दोरीने धरून साधलेला उतार. कडेच्या वाशांची टोके कुजली होती तिथे नवे तुकडे जोडले. चवथीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी ज्या खोलीत बांधतात त्या खोलीचा कोपराही ह्याच पाख्याखाली येतो आणि माटोळीवर, त्या सगळ्या रानफळांवर आणि सुपाऱ्यांच्या घोसांवर छपराचे काळे पाणी ठिबकलेले आईंनी एकदा पाहिलेले आहे. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मुदत ठरलेली होती, श्रावण संपण्याच्या आत.

नवी पन्हळ उत्तम काम करू लागली आणि पहिल्याच मोठ्या सरीनंतर शेजारचे काका फाटकाशी येऊन उभे राहिले.

त्यांचे म्हणणे अगदी सौम्य होते आणि संपूर्ण खरे होते. दुसऱ्या टोकाचा नवा पाइप दोन घरांच्या कुंपणभिंतींमधील बोळात उतरत होता. त्या बोळातच त्यांचीही पन्हळ उतरते. पूर्वी तिथे भिंती नव्हत्या, करवंदीचे आणि मेंदीचे कुंपण होते, पाणी त्याच्या मुळांतून झिरपत, पसरत खालच्या शेताकडे जात असे. आता दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती, अंगणात पेव्हर, आणि दोन घरांच्या छपरांचे पाणी त्या अरुंद फटीतून वाट न मिळाल्यामुळे त्यांच्या न्हाणीघराच्या जोत्याशी साचत होते. आमच्याकडची ओल आम्ही त्यांच्याकडे पाठवली होती. छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू देऊ नये, अशी तरतूद 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतही होती. पागोळ्यांवरून भांडणे होतात हे इतक्या जुन्या काळीही कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. आमच्याकडे भांडण झाले नाही, याचे श्रेय मी काकांना देते. ते सोप्यावर बसले, चहा झाला, आणि मग आईंनी त्यांना विचारले, "बोळातले पाणी पूर्वी कुठे जायचे, तुला आठवते?"

त्यानंतरचा तासभर मी केवळ ऐकत होते. काका आणि आई, दोघांनी मिळून त्या पाण्याचा सगळा मार्ग बोलत बोलत उभा केला. बोळातून मागच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेने, तिथून एका पाटाने, आता जिथे डांबरी रस्ता आहे त्याच्या खालच्या मोरीतून व्हाळात, व्हाळातून खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, आणि भरती-ओहोटी सांभाळणाऱ्या मानशीच्या दारातून शेवटी नदीत. ओहोटीला मानशीचे दार आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला खाऱ्या पाण्याच्या दाबाने बंद होते, म्हणून पूर्ण भरती आणि मोठी सर एका वेळी आली की सगळे पाणी मागे थोपते आणि आपल्या परसातील गटारसुद्धा वाहायचे थांबते, हे काकांनी सांगितले. पावसाच्या दिवसांत त्यांचे वडील भरतीची वेळ बघून शेताचे बांध पाहायला जात असत. मी इतकी वर्षे पन्हळीचे शेवटचे टोक म्हणजे पाइपखालचा दगड असे धरून चालले होते आणि ही दोन माणसे तोच मार्ग मानशीपर्यंत मोजत होती.

ठरले ते असे. बोळात चिऱ्यांचा एक चर बांधायचा, दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा खर्च करायचा आणि त्याचा उतार कुळागराकडच्या जुन्या पाटाला जोडायचा. आमच्या पहिल्या पाइपचे पाणी मात्र बोळात न सोडता गाळण्याच्या टाकीतून विहिरीकडे वळवायचे, कारण जूनमध्ये भरून वाहणारी आमची विहीर एप्रिलअखेर तळ दाखवू लागते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी त्यात जाऊ द्यायचे नाही, कौलांवरची घाण धुऊन गेल्यावरच झडप फिरवायची. चर श्रावणात बांधून पूर्ण झाला आणि पाणी पाटापर्यंत जाऊ लागले. अडचण पुढे आहे. रस्त्यावर थरावर थर चढत गेल्यामुळे तो आमच्या अंगणापेक्षा उंच झाला आहे आणि त्याच्या खालच्या मोरीचे तोंड भरावात अर्ध्याहून अधिक गाडले गेले आहे. मोठी सर आली की पाट तिथे मागे भरतो आणि काका व हे दोघे कुदळ घेऊन जातात. मोरी मोकळी करून रुंद करावी असा अर्ज लिहून झाला आहे. त्यात काकांच्या सांगण्यावरून जुन्या पाटाचा मार्ग मी हाताने काढून जोडला आहे, दोन्ही घरांच्या सह्या आहेत आणि रस्त्यापलीकडच्या ज्या घरांच्या परसात हेच पाणी साचते त्यांनीही आपली नावे घालायला सांगितले आहे.